ऑप्टिस्पार्कमध्ये पाणी शिरल्यावर: एलटी१ कॉर्व्हेटचा डिस्ट्रिब्युटर कसा बदलायचा

एलटी१ इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक स्पार्क प्लगला पाळीपाळीने ठिणगीचा करंट वाटणारा भाग) वॉटर पंपाच्या बरोबर खाली बसवलेला आहे. पंप पाझरला की कुलंट थेट त्याच्या डोक्यावर. म्हणून या कामाचा पहिला नियम असा: पाणी कुठून आलं हे सापडल्याशिवाय नवा डिस्ट्रिब्युटर बसवायचा नाही. गळका पंप तसाच ठेवून नवा भाग लावला, तर तोही त्याच वाटेने जातो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.

हा लेख १९९२ ते १९९६ च्या सी४, म्हणजे चौथ्या पिढीच्या कॉर्व्हेटसाठी आहे. १९९३ ते १९९७ च्या कॅमॅरो झेड२८ आणि फायरबर्डमध्येही हेच ५.७ लिटरचं व्ही८ इंजिन आहे; तिथे हात घालायला जागा कमी, पण कामाचा क्रम तोच. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी हौसेने अशी गाडी घेतली आहे आणि जे पहिल्यांदाच पाना हातात धरणार आहेत, त्यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे. शनिवार-रविवार मोकळा ठेवा. घाई केली की याच कामात आटे जातात आणि प्लास्टिक तुटतं.

आत नेमकं काय असतं

जुन्या व्ही८ मध्ये डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या बाजूला उभा असायचा आणि गिअरवर फिरायचा. गिअरच्या दात्यांमधल्या ढिलाईमुळे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडं हलायचं. ते टाळण्यासाठी जीएमने (जनरल मोटर्सने) एलटी१ मध्ये डिस्ट्रिब्युटर पुढे, टायमिंग कव्हरवर आणला आणि थेट कॅमशाफ्टला जोडला. यालाच ऑप्टिस्पार्क म्हणतात. आत धातूची एक पातळ चकती असते. तिच्या बाहेरच्या कडेला ३६० बारीक खाचा आणि आतल्या वर्तुळात वेगवेगळ्या रुंदीच्या ८ खाचा असतात. प्रकाशाचा किरण या खाचांमधून आरपार जातो आणि सेन्सर त्याचे सिग्नल कॉम्प्युटरला पाठवतो. बाहेरच्या खाचांचा तो हाय-रेझोल्युशन सिग्नल, आतल्यांचा लो-रेझोल्युशन. कोणत्या सिलिंडरची पाळी आहे हे कॉम्प्युटरला दुसऱ्यावरून कळतं.

मांडणी अचूक आहे, पण त्याच डब्यात चकतीच्या पुढे रोटर (फिरता संपर्क) आणि कॅप (वायर लावायचं झाकण) असतात आणि तिथे हजारो व्होल्टच्या ठिणग्या उडतात. ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो. त्यात ओलावा मिसळला की धातू झपाट्याने गंजतो आणि करंट ओल्या, मळक्या पृष्ठभागावरून पळवाट शोधतो. बाहेरून कुलंट आलं नाही तरी नुसत्या दमटपणाने हे होऊ शकतं. म्हणूनच १९९५ पासून कॉर्व्हेट, कॅमॅरो आणि फायरबर्डमध्ये हवा खेळती ठेवणाऱ्या नळ्या दिल्या गेल्या. आधीच्या डिस्ट्रिब्युटरना त्या नाहीत. पुढे १९९७ च्या सी५ मध्ये एलएस१ इंजिन आलं आणि दर सिलिंडरला स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग) मिळाली. डिस्ट्रिब्युटर हा प्रकारच संपला.

दोष खरंच इथेच आहे का

ओळखीची लक्षणं अशी: पावसात किंवा गाडी धुतल्यावर इंजिन मिसिंग मारतं, गरम होऊन कोरडं झालं की सुधारतं. आयडलला थरथर, जोर दिला की अडखळणं. पुढे एक दिवस सेल्फ नुसता फिरतो आणि इंजिन पकडतच नाही.

एवढ्यावर ऑप्टिस्पार्क मागवू नका. आधी स्कॅनर लावा. १९९५ पर्यंतच्या गाड्यांत कोड १६ म्हणजे लो-रेझोल्युशन सिग्नल गायब आणि कोड ३६ म्हणजे हाय-रेझोल्युशन गायब. १९९६ पासून ओबीडी-२ ही बिघाडाचे कोड देणारी नवी पद्धत आहे. तिथे हेच अनुक्रमे पी१३७१ आणि पी०३७२ असे दिसतात. १९९४-९५ च्या गाड्यांत सोळा पिनांचं सॉकेट दिसलं तरी आतली भाषा जुनीच असू शकते, त्यामुळे साधा ओबीडी-२ स्कॅनर गप्प बसला तर स्कॅनर बिघडला असं समजू नका. हाय-रेझोल्युशन गेला तर इंजिन बहुतेक वेळा चालतं, फक्त सुरू व्हायला वेळ घेतं. लो-रेझोल्युशन गेला की मात्र ठिणगीही नाही आणि इंजेक्टरही उघडत नाहीत.

गाडी सुरूच होत नसेल तर कॉइलची वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोकाकडून काढा, तिला स्पार्क टेस्टर लावा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. कॉइलपासून ठणठणीत ठिणगी येते पण प्लगपर्यंत पोहोचत नाही, तर दोष कॅप-रोटरमध्ये. कॉइलची ठिणगीही नाही आणि नॉइड लाइट (इंजेक्टरच्या कनेक्टरला लावायचा छोटा तपासदिवा) लावून पाहिल्यावर इंजेक्टरचा पल्सही नाही, तर सिग्नल हरवला आहे. ऑप्टिस्पार्क किंवा त्याची वायरिंग बघा. इंजेक्टर पल्स आहे पण ठिणगी नाही, तर सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला बसवलेली कॉइल आणि इग्निशन मॉड्यूल तपासा. ठिणगी आहे आणि पल्स मात्र नाही, तर चोरीविरोधी व्हॅट्सवर संशय घ्या: चावीतली चिप मळली की ही यंत्रणा इंधन रोखते.

आता कनेक्टर. ऑप्टिस्पार्ककडे चार तारा जातात: १२ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि दोन सिग्नल. कनेक्टर सोडवा, इग्निशन चालू करा आणि गाडीच्या बाजूच्या पिनांवर मीटर लावा. एका पिनवर १२ व्होल्ट, अर्थ चांगला आणि दोन्ही सिग्नल तारांवर सुमारे ५ व्होल्ट मिळायला हवेत. मिळाले नाहीत तर बिघाड हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) किंवा कॉम्प्युटरकडे आहे. डिस्ट्रिब्युटर बदलून काही होणार नाही. पिना हिरवट झाल्या असतील तर नवा हार्नेस घ्याच. हिरव्या पडलेल्या पिना घासून चालवण्याचा उपाय पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

गळती शोधणं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून काहीही खोलण्याआधी करा. इंजिन गार असताना कूलिंग सिस्टिमला प्रेशर टेस्टर लावा, कुलंटच्या झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत पंप करा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. त्या वेळात टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वॉटर पंपाचा तळ बघा. पंपाच्या अंगाला खालून एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की कुलंट तिथून बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं आहे. त्यात कापसाची काडी फिरवून पाहा. काडी ओली झाली, किंवा भोकाखाली वाळलेल्या कुलंटचा पांढरट, खरखरीत ओघळ दिसला, तर चोर सापडला. हा ओघळ सरळ खाली, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवरच उतरलेला दिसेल.

पंप कोरडा असेल तर पंप आणि ब्लॉकमधले दोन गॅस्केट, रेडिएटरच्या होज आणि थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या बारीक कुलंटच्या नळ्या बघा. इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या कडेने तेल झिरपत असेल तर तेही खाली येतं. डिस्ट्रिब्युटरच्या मागचं टायमिंग कव्हरवरचं सील फाटलं असेल तर तेल मागून येतं. कुलंट, तेल आणि बाहेरचं पाणी, तिन्हींची वाट वेगळी आहे. इंजिन बे प्रेशर वॉशरने धुण्याची सवय असेल तर उत्तर तिथेच आहे.

काय विकत घ्यायचं

ऑप्टिस्पार्क दोन जातींचे आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. १९९२ ते १९९४ च्या कॉर्व्हेटमध्ये शाफ्टला दाते असतात आणि ते कॅमशाफ्टमध्ये शिरतात. १९९५ पासून कॅमशाफ्टवरची एक पिन डिस्ट्रिब्युटरच्या खाचेत बसते. त्यांची टायमिंग कव्हरही वेगळी आणि सीलही. मधल्या काळात कुणी इंजिन बदललं असू शकतं, म्हणून फक्त आरसीवरचं वर्ष धरू नका. जुना भाग हातात आल्यावर खात्री करा आणि मगच नव्याचं खोकं फोडा.

दर्जाबद्दल आमचं मत पक्कं आहे. मूळ डिस्ट्रिब्युटरमधला ऑप्टिकल सेन्सर मित्सुबिशीचा असतो आणि तो चिवट आहे. पाण्याने बऱ्याचदा फक्त कॅप आणि रोटर मरतात. मूळ सेन्सर शाबूत असेल तर चांगल्या प्रतीची नवी कॅप आणि रोटर घालून तोच पुन्हा बसवणं, हे स्वस्तातला अख्खा नवा नकली डिस्ट्रिब्युटर घेण्यापेक्षा कधीही चांगलं. सेन्सरच गेला असेल तर पैसे वाचवायची ही जागा नाही. मित्सुबिशी सेन्सर असलेला किंवा नावाजलेल्या कंपनीचा भाग घ्या.

सोबत हे लागेल: नवा वॉटर पंप आणि त्याचे दोन गॅस्केट, टायमिंग कव्हरची सीलं (डिस्ट्रिब्युटरचं, वॉटर पंपाच्या शाफ्टचं आणि जमलं तर क्रँकचं), ऑप्टिस्पार्कचा हार्नेस, आठ प्लग वायर आणि कॉइलची एक, गाडीत आहे त्याच जातीचं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू नयेत म्हणून आट्यांना लावायचा गोंद). कुलंटच्या बाबतीत १९९६ पासून जीएमने नारिंगी डेक्स-कूल भरायला सुरुवात केली, त्याआधी हिरवं होतं. दोन्हींची भेसळ करू नका. पंप गळत नसला तरी, नुकताच बदललेला नसेल तर बदलाच. तो काढल्याशिवाय डिस्ट्रिब्युटर निघतच नाही, मग जुना परत लावण्यात शहाणपण नाही.

खोलणं

इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कॉर्व्हेटचं अख्खं नाक पुढे उलटतं, त्यामुळे पुढच्या टायरवर बसून आरामात काम करता येतं. ही सोय कॅमॅरोत नाही. खालूनही हात घालावा लागेल, म्हणून गाडी रॅम्पवर किंवा भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही.

रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून कुलंट पसरट भांड्यात काढा. ते गोडसर आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं आणि लहान मुलं यांच्यापासून लांब, झाकून ठेवा. हवेची रबरी नळी थ्रॉटल बॉडीपासून सोडवा आणि थ्रॉटलच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. बेल्ट काढा. पंपाला लागलेल्या होज सोडवा. तापमानाचा सेन्सर पंपातच बसवलेला असतो. त्याचा कनेक्टर काढा आणि सेन्सर नंतर नव्या पंपात घालायला विसरू नका. थर्मोस्टॅटही याच पंपाच्या डोक्यात आहे.

पंपाला एका बाजूला तीन असे सहा बोल्ट आहेत. सगळे ढिले केले की पंप थोडा हलवून सरळ पुढे ओढा. तोंड सुटताच ब्लॉकमधलं उरलेलं कुलंट भसकन बाहेर येतं, त्यासाठी भांडं खाली हवंच. या पंपाला पुली नसते. टायमिंग कव्हरमधून बाहेर आलेला छोटा शाफ्ट दातेरी कपलरने त्याला फिरवतो. कपलर हरवू नका. दाते झिजून धारदार झाले असतील तर तोही बदला.

आता क्रँकवरचा डॅम्पर, म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाची थरथर शोषणारी जड चकती. तो हबला तीन बोल्टनी लावलेला असतो आणि तीनपैकी कोणत्याही स्थितीत बसू शकतो, पण त्याचा तोल एकाच स्थितीसाठी साधलेला असतो. म्हणून काढण्याआधी हब आणि डॅम्पर दोन्हींवर आडवी जाणारी रंगाची एक रेघ मारा. ही खूण राहिली नाही तर नंतर येणारी थरथर मिसिंगसारखीच वाटते आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. हब काढायची गरज नसते.

प्लग वायर सोडवण्याआधी प्रत्येकीवर नंबर लावा. डावीकडे १, ३, ५, ७ आणि उजवीकडे २, ४, ६, ८. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. कॅपवरही सिलिंडरचे आकडे असतात, पण मळामुळे दिसत नाहीत. बूट (वायरच्या टोकाचं रबरी टोपण) पकडून आधी फिरवा, मग ओढा. तार धरून ओढली तर आतला तुकडा कॅपमध्येच राहतो. चार तारांचा कनेक्टर आणि, असतील तर, हवेच्या दोन नळ्या सोडवा. जुनं प्लास्टिक वाळक्या काटकीसारखं तुटतं, म्हणून खटका पूर्ण उचलल्याशिवाय ओढू नका.

डिस्ट्रिब्युटरचे तीन बोल्ट काढा आणि तो सरळ पुढे ओढा. अडला तर दोन्ही हातांनी थोडा डावी-उजवीकडे हलवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. टायमिंग कव्हर ॲल्युमिनियमचं आहे, ओरखडा पडला की सील बसत नाही. डिस्ट्रिब्युटर बाहेर असेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही. कॅमशाफ्टवरच्या पिनेचा किंवा दात्यांचा टॉर्चमध्ये फोटो काढून ठेवा.

जुना भाग उघडून बघा

फेकण्याआधी कॅप काढा. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर, टर्मिनलांमध्ये केसाएवढी काळी रेघ आणि रोटरच्या टोकाशी करपलेला भाग दिसला तर दोष उच्च दाबाच्या बाजूला आहे. ती काळी रेघ म्हणजे करंटने प्लास्टिकवर कोरलेली वाट. ती पुसून जात नाही, कॅप बाद. मग रोटरखालचं झाकण काढून चकती बघा. चकती स्वच्छ आणि शाफ्ट हातात न खुळखुळता फिरत असेल, तर सेन्सर वाचला असण्याची शक्यता चांगली. गंजाची लाल पूड किंवा तेलाची चिकट धूळ असेल, तर सेन्सरचा विचार सोडा. चकतीवर क्लीनर फवारू नका, घासू नका. चकती वाकली तर सिग्नल कायमचा बिघडतो.

रोटरचे स्क्रू ढिले होऊन सुटणं हा या डिस्ट्रिब्युटरचा जुना रोग आहे. सुटा स्क्रू आत फिरला की कॅप, रोटर सगळं फोडतो. नवा असो की जुना, दोन्हींत स्क्रू काढून आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा एकच लहान थेंब लावा आणि हलक्या हाताने आवळा. जास्त लावलं तर ओघळ प्लास्टिकवर जाऊन त्याला तडे पाडतो.

बसवणं

टायमिंग कव्हरची जुनी सीलं काढा, जागा पुसा, नवी सीलं सरळ ठोका. योग्य मापाचं सॉकेट सीलवर धरून हलके ठोके मारले की वाकडी जात नाहीत. ओठांवर थोडं तेल लावा; कोरडं सील पहिल्या मिनिटातच जळतं.

नवा डिस्ट्रिब्युटर हातात घेऊन त्याचा शाफ्ट फोटोतल्या स्थितीत आणा. तो एकाच स्थितीत बसतो, पण चुकीच्या स्थितीत जवळजवळ बसल्यासारखा वाटतो, आणि धोका तिथेच आहे. हाताने ढकलल्यावर त्याची कड कव्हरला सगळीकडून टेकली पाहिजे. काही मिलिमीटरची फट राहिली तर पिन खाचेत गेलेली नाही. बोल्ट आवळून फट मिटवू नका. तसं केलं तर पिन आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही तुटतात. बाहेर काढा, शाफ्ट किंचित फिरवा, पुन्हा ढकला. टेकला की तिन्ही बोल्ट आधी बोटांनी, मग छोट्या रॅचेटने थोडे-थोडे आळीपाळीने आवळा. हे छोटे बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत जातात, मनगटाचा जोर पुरे.

बूटांच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या आणि वायर नंबराप्रमाणे ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. कॅपच्या आत ग्रीस नको. कॅपच्या सांध्यावर बाहेरून सिलिकॉन थापणारे बरेच आहेत; आमचा सल्ला, थापू नका. ओलावा बाहेर जायची वाट बंद होते.

१९९५ पासूनच्या गाडीत हवेची एक नळी फिल्टरमागच्या भागातून स्वच्छ हवा आणते, दुसरी मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमवर ओढून घेते. दुसरीत वन-वे व्हॉल्व्ह असतो. तोंडाने फुंकून बघा: हवा फक्त डिस्ट्रिब्युटरकडून मॅनिफोल्डकडे जायला हवी. उलटा बसवला किंवा तुंबला तर नळ्या असून नसल्यासारख्या. तडे गेलेल्या नळ्या आत्ताच बदला.

पंप नव्या गॅस्केटवर बसवताना कपलर दोन्ही बाजूंना नीट शिरला का ते बघा, मग सहाही बोल्ट टप्प्याटप्प्याने साधारण ३० फूट-पाउंड, म्हणजे ४१ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. डॅम्पर रेघेशी रेघ जुळवून लावा. त्याच्या बोल्टचा टॉर्क तुमच्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

कुलंट भरणं आणि पहिला सेल्फ

एलटी१ मध्ये कुलंट उलट्या दिशेने फिरतं, आधी हेडमधून आणि मग ब्लॉकमधून. त्यामुळे हवा अडकली तर हेड तापतात आणि तापमानाचा काटा ते लगेच सांगत नाही. थर्मोस्टॅट हाउसिंगवरचा ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा बाहेर काढायचा स्क्रू) उघडा, सावकाश भरत राहा आणि बुडबुडे न येता अखंड धार आली की बंद करा. त्या वेळी डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी पांघरा. नव्या भागावर पहिलं कुलंट आपणच सांडायचं नाही. सेल्फ मारण्याआधी पिशवी काढा.

टायमिंग लाइट लागत नाही. हा डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लावता येतच नाही, ते काम कॉम्प्युटर करतो. इंजिन सुरू झालं की आयडलला पंधरा-वीस मिनिटं ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, आणि पंपाचा तळ टॉर्चने बघत राहा. मिसिंग असेल तर नव्वद टक्के शक्यता वायरची अदलाबदल किंवा अर्धवट बसलेला बूट. आधी तेच बघा, नव्या डिस्ट्रिब्युटरला दोष देऊ नका. अंधारात बॉनेट उघडून बघितलं तर करंट बाहेर उडत असलेली वायर निळसर दिसते. सेल्फ फिरतो पण काहीच पकडत नाही, तर चार तारांचा कनेक्टर पूर्ण लागला का ते बघा.

इंजिन गार झाल्यावर कुलंटची पातळी पुन्हा पाहा, कमी झाली असेल तर भरा आणि पुन्हा ब्लीड करा. पहिल्या आठवड्यात दोन-तीन वेळा कापसाची काडी घेऊन पंपाखालचं भोक तपासा. पुढेही दर ऑइल चेंजला हे करत राहा. इंजिन बे धुवायचा असेल तर ओल्या फडक्याने पुसा, पुढच्या बाजूला पाण्याची धार मारू नका.